फॅमिली डॉक्टरकडे जाताना: नंबर लावण्यापासून चिठ्ठी समजून घेण्यापर्यंत

संध्याकाळच्या गर्दीत डॉक्टरांच्या वाट्याला एका पेशंटमागे पाच-सात मिनिटं येतात. साध्या आजारासाठी तेवढा वेळ पुरतो. अडचण अशी की त्यातली निम्मी मिनिटं "कुठली गोळी चालू आहे?", "ती छोटी, पांढरी" यातच जातात. तपासणी नीट व्हावी असं वाटत असेल, तर जे बोलण्यात वाया जातं ते घरूनच लिहून न्यावं.

घरातल्या प्रत्येकाची एक फाइल ठेवा. वरच्याच पानावर नाव, वय, वजन, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे, आधीचे आजार आणि ऑपरेशनं लिहा. त्याखाली चालू औषधं: नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कधीपासून. यात मेडिकलमधून स्वतःहून आणलेली दुखण्याची गोळी, काढा, चूर्ण, झोपेची गोळी हे सगळं आलं. अंगदुखीवरच्या कित्येक गोळ्या बीपी वाढवतात आणि रोज घेतल्या तर किडनीवर ताण आणतात, म्हणून ही माहिती क्षुल्लक समजू नका. गोळ्या सुट्या नेऊ नका, स्ट्रिप न्या. दुकानदार पाच-सहा गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि एक्स्पायरी बऱ्याचदा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. नाव असलेला तुकडा मागा, नाहीतर बिल जपून ठेवा. रिपोर्ट तारखेनुसार लावा, ताजा सर्वात वर.

नंबर लावताना पेशंट नवा की जुना आणि माणसं किती, हे दोन्ही सांगा. एका नंबरावर नवरा-बायको दोघंही तपासून घ्यायला बसले की मागच्या सगळ्यांचा वेळ कोलमडतो आणि बोलणी कंपाउंडरला खावी लागतात. सोमवारी सकाळी गर्दी असणारच. बीपी-शुगरची नेहमीची तपासणी आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवा. फक्त रिपोर्ट दाखवायचा असेल तर त्याची वेळ वेगळी आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

कंपाउंडर किंवा रिसेप्शनवरच्या ताईंना काही गोष्टी आल्या आल्या सांगायलाच हव्यात. बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, दम लागतोय, झटका येऊन गेला, कुत्रा चावला, ताप आहे आणि अंगावर पुरळ उठलंय. पुरळ असलेलं मूल वेगळं बसवणं गरजेचं असतं, कारण गोवर-कांजिण्या त्याच बाकावरच्या गरोदर बाईला किंवा तान्ह्या बाळाला महागात पडू शकतात. कुत्रा चावला असेल तर निघण्याआधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, आणि पहिली लस त्याच दिवशी घ्या. छातीत दाब येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर दवाखान्यात नंबर लावत बसूच नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या हॉस्पिटलला जा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

दुखणं खासगी असेल आणि काउंटरवर सगळ्यांसमोर "काय होतंय?" असं विचारलं, तर "डॉक्टरांशीच बोलायचंय" एवढं उत्तर पुरतं. तपासणीच्या वेळी बाईमाणूस सोबत हवं असेल तर तेही आधीच सांगून ठेवा. यात संकोचण्यासारखं काही नाही.

आत गेल्यावर मुख्य तक्रार पहिल्या वाक्यात सांगा. दाराशी पोचल्यावर "डॉक्टर, अजून एक…" म्हणून जे निघतं, तेच बऱ्याचदा खरं दुखणं असतं. तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो. क्रम असा ठेवा: काय होतंय, कधीपासून, आधी कधी झालं होतं का, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, आणि त्यावर आतापर्यंत काय घेतलं.

आपल्या नेहमीच्या शब्दांनी इथे फार गोंधळ होतो. "अशक्तपणा" म्हणजे जिना चढताना दम लागतो, की भूक मेली आहे, की सकाळी उठवत नाही? पहिल्याचं कारण रक्त कमी असणं किंवा हृदय असू शकतं. तिसऱ्याच्या मागे थायरॉइड किंवा मनाचा आजारही असतो. "चक्कर" म्हणताना भोवतालचं गरगरतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, हे वेगळं करून सांगा. पहिलं बहुधा कानाच्या आतल्या बिघाडाचं, दुसरं बीपी पडल्याचं. सर्वात घातक शब्द "गॅस". जेवणानंतर जळजळ, आंबट ढेकर हे पित्त. पण चालताना छातीत भरून येतं आणि थांबलं की कमी होतं, हे हृदयाचं लक्षण समजायचं. डायबेटिसच्या पेशंटला तर हार्ट अटॅकमध्येही कधीकधी छातीत फारसं दुखत नाही, नुसता घाम आणि अस्वस्थपणा येतो. म्हणून "गॅस झालाय" असं निदान आपणच करून नेऊ नये. जे जाणवतं तेवढंच सांगावं. तापाचंही तसंच: कणकण वाटणं वेगळं आणि थर्मामीटरवर १०२ येणं वेगळं. आकडा, वेळ आणि गोळी कधी घेतली हे कागदावर लिहून न्या.

बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, सिगारेट नको. लघवी करून या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधलेला हवा आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला. मोजताना बोलू नका. दंड जाड असेल आणि पट्टा लहान, तर आकडा खोटा वाढलेला येतो. अशा वेळी मोठा पट्टा आहे का ते विचारा. घाईघाईत एकदाच घेतलेल्या आकड्यावरून आयुष्यभराची गोळी सुरू होऊ नये. किमान दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून मोजावं.

तपासणीच्या रक्ताचंही पथ्य असतं. उपाशीपोटीच्या शुगरला आठ ते दहा तास पाण्याशिवाय काही नको. जेवणानंतरची शुगर पहिल्या घासापासून दोन तास मोजून द्यायची, जेवण संपल्यापासून नव्हे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी दिवसा कधीही, जेवूनसुद्धा चालते. थायरॉइडची तपासणी असेल त्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.

"डॉक्टर, एक सुई द्या, लवकर बरं वाटेल." हा आग्रह सोडा. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर सलाइनमध्ये जेमतेम २५ ग्रॅम साखर असते. तोंडाने खाता-पिता येत असेल तर तेवढी एका ग्लास सरबतातून मिळते. जुलाबात ओआरएस त्याहून उपयोगी, पण मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि लहान मुलाला ते झेपत नाही. सर्दी-पडसं व्हायरसचं असतं, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते ते औषध स्वतःच्या मनाने, किंवा मागच्या वेळचं उरलंय म्हणून घेऊ नये.

आता चिठ्ठी. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज वाटेल तेव्हाच. १-०-१ म्हणजे सकाळी एक, रात्री एक. जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि बरं वाटल्यावर कुठली थांबवायची, हे डॉक्टरांसमोरच वाचून दाखवा. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीचं औषध दिलं तर आतल्या घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून पाहा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. त्यावर तापाची गोळी वेगळी घेतली की डोस दुप्पट होतो आणि त्याचा मार लिव्हरला बसतो.

लहान मुलांच्या औषधात चूक सर्वात सहज होते. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, २५० चंही मिळतं. थेंबांच्या बाटलीत मात्र १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. १० किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरतं. सिरपच्या सवयीने थेंबांतलं ५ मिली पाजलं तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. म्हणून बाटली डॉक्टरांना दाखवूनच मिली विचारा, आणि घरातल्या चमच्याऐवजी बाटलीबरोबरचं माप वापरा.

काही दवाखान्यांत सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात. त्यात काय आहे ते लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. पुडीत स्टेरॉइड असेल तर दुखणं पटकन उतरतं, पण शुगर चढते. पुढच्या डॉक्टरला नाव माहीत नसेल तर त्याला कारणच सापडत नाही.

उठण्याआधी तीन प्रश्न विचारा: काय झालंय असं वाटतं, किती दिवसांत उतरायला हवं, आणि काय दिसलं तर लगेच परत यायचं. डेंग्यूत तिसरा प्रश्न जीव वाचवतो. तिथे धोका ताप उतरताना सुरू होतो: पोटात जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त. लोक ताप गेला म्हणून निर्धास्त होतात आणि नेमका तोच दिवस चुकतो.

व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट पाठवताना तिरका काढलेला फोटो नको, लॅबची पीडीएफ पाठवा. सोबत पेशंटचं नाव, वय आणि चालू औषध. मध्यरात्रीच्या मेसेजला उत्तर येईल असं धरून चालू नका.

विम्यासाठी किंवा ऑफिससाठी पावती हवी असेल तर त्याच दिवशी घ्या. त्यावर पॉलिसीत आहे तसंच नाव, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मागू नका. ते देणाऱ्या डॉक्टरची नोंदणी धोक्यात येते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर व पावतीवरही छापायचा असतो.

वागणुकीबद्दल तक्रार असेल तर आधी डॉक्टरांशी स्वतंत्र वेळ घेऊन बोला. काउंटरवर काय घडतं हे त्यांना आत बसून कळत नाही. तारीख, वेळ आणि नेमकं काय झालं एवढंच सांगा. उपचारात गंभीर हलगर्जी झाली असेल तर सगळ्या कागदांच्या प्रती घेऊन लेखी तक्रार करा. डॉक्टरांची पदवी एमबीबीएस किंवा त्यापुढची असेल तर तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते. बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत, तेव्हा पाटीवरची पदवी आधी नीट वाचून घ्या.