वेनछांगला जाताय? आधी झेरॉक्स काढा

सगळ्यात आधी हॉल तिकिटाची झेरॉक्स. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. तैपेईत परीक्षेआधी वेनछांगच्या, म्हणजे परीक्षांच्या देवाच्या, देवळात जायचं म्हटलं की जो तो देवापुढे ठेवायच्या भाजीचं विचारतो, कागदाचं कोणी विचारत नाही. गेल्या वर्षी चिनी भाषेच्या परीक्षेआधी मीही पिशवी भरून गेलो. देवापुढे हॉल तिकिटांचा गठ्ठा दिसला, त्यावर माझंही ठेवलं. ओरिजिनल. रात्री बॅग भरताना डोक्यात उजेड पडला. सकाळी देऊळ उघडायच्या आधीच दारात हजर, मग तिथल्या एका मावशींबरोबर तो गठ्ठा उपसत बसलो. माझं खालून तिसरं निघालं.

झेरॉक्स कशासाठी, तर कोण, कुठली परीक्षा, कधी, कुठलं केंद्र, बैठक क्रमांक काय, हे देवाला नेमकं कळावं म्हणून. वेनछांग मूळचा चीनच्या सिच्वान प्रांतातल्या झितोंगचा स्थानिक देव. १३१६ मध्ये युआन घराण्याच्या सम्राटाने त्याला मोठी पदवी दिली आणि तो देशभरच्या परीक्षार्थींचा झाला. जानेवारीत बारावीची आणि मेमध्ये नववीची पोरं लोटतात, तेव्हा त्याने तरी कोणाकोणाला लक्षात ठेवायचं? कुठल्याही सेव्हन-इलेव्हन दुकानात झेरॉक्सचं मशीन असतं. दोन प्रती काढा. ओळखपत्राचा नंबर असेल तर पेनाने खोडा, देवाला तो लागत नाही.

भाजी घरून नेऊ नका. देऊळ शुआंगल्येन मेट्रो स्टेशनजवळच्या गल्लीत आहे आणि सकाळचा बाजार तिथेच भरतो. कांद्याची पात घ्या. तिला म्हणतात ‘त्सोंग’, आणि हुशारीच्या शब्दाचा उच्चारही तोच. सेलरी म्हणजे ‘छिन’, मेहनतीशी जुळणारा. लसूण हिशेबासाठी, म्हणजे गणित कच्चं असेल तर विसरू नका. मुळा शकुनाचा. वाफवलेला पाव ‘बाव’ आणि पानात बांधलेला चिकट भात ‘झोंग्झ’ एकत्र ठेवले की ‘बाव-झोंग’ होतं, म्हणजे हमखास पास. बदकाचं अंडं मात्र चुकूनही नको: आपल्याकडे भोपळा मिळतो तसं तिकडे बदकाचं अंडं मिळतं. जुड्यांना लाल दोरा बांधा. पूजेनंतर हे सगळं घरी आणून परीक्षा देणाऱ्याने खायचं, तिथे टाकून यायचं नाही. टाकून यायची ती झेरॉक्स. ओरिजिनल पाकिटात आहे ना, ते पिशवी उचलताना पुन्हा बघा.

उदबत्तीचं त्या त्या देवळात बघा. तैपेईतल्याच वानह्वा भागातल्या लुंगशान देवळात मागच्या बाजूला वेनछांग आहे, पण तिथे २०२० पासून उदबत्ती बंद. नुसते हात जोडायचे.

देवळाकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडचं दार आत जायचं, डावीकडचं बाहेर पडायचं. उंबऱ्यावर पाय देऊ नका. देवाला नाव, जन्मतारीख, पत्ता, परीक्षा सांगायची. आपल्या संकल्पासारखंच, फक्त गोत्राच्या जागी घरचा पत्ता. मग झेरॉक्स ठेवायची. झेरॉक्स!

कौल लावायचा तर लाकडी चंद्रकोरी दोन असतात. एक पालथी, एक उताणी पडली की होकार. पेन्सिली पुढ्यात ठेवून परत घ्या. पास झालात की आभार मानायला जा, फळं-मिठाई पुरते.