पावसाळ्यात जखमी कोंबडीची शुश्रूषा: आधी ऊब, मग जखम, आणि रोज माशीवर नजर

कुत्र्याच्या तोंडातून सोडवलेली कोंबडी हातात आली की पहिली घाई होते ती जखम धुण्याची. रक्त थांबवा, पण धुणे तासभर राहू द्या. लचका तुटलेली कोंबडी पहिल्या काही तासांत दगावते ती रक्त गेल्याने किंवा बसलेल्या धक्क्याने. संसर्ग त्यानंतर येतो, आणि पावसाळ्यात त्याच्याही आधी माशी येते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर सलग पाच मिनिटे दाबून धरा. थांबले का, हे बघायला मध्येच उचललीत तर धरू लागलेली गुठळी सुटते. कोंबडी धरताना छाती आवळू नका. तिचे छातीचे हाड हलले तरच तिच्या शरीरात हवा आत-बाहेर होते. घट्ट धरलेली कोंबडी हातातच गुदमरू शकते.

मग तिला खोक्यात ठेवा. खाली जुना टॉवेल, वर हवा खेळेल असे झाकण, आत अंधार आणि आजूबाजूला शांतता. भुसा किंवा तूस नको, जखमेला चिकटतो. निरोगी कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि धक्का बसलेल्या, त्यातून पावसात भिजलेल्या पक्ष्याला ते टिकवता येत नाही. खोक्यात २८ ते ३० अंश ऊब मिळेल असा दिवा किंवा कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको झाले की तिला सरकता येईल. चोच उघडी टाकून धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली आहे.

पाणी घशात ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, पाणी थेट फुप्फुसात जाते. मान धरता येत असेल तरच चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळेल. दाण्याची घाई नको. एक-दोन दिवस खाल्ले नाही तर शिट हिरवी पडते. ते पित्त असते, त्याने घाबरून जाऊ नका. सावरली की नेहमीचे खाद्य भिजवून मऊ करा आणि त्यात उकडलेले अंडे कुस्करून द्या.

आता जखम. भोवतालची पिसे कात्रीने कापा, उपटू नका. कोंबडीची कातडी पातळ असते, पिसाबरोबर तीही फाटते. एक लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा, कोमट होऊ द्या आणि सुई काढलेल्या सिरिंजने माती, पिसांचे तुकडे निघेपर्यंत धुवा. नंतर पोव्हिडोन आयोडीन, पण पाण्यात मिसळून, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचे. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशीही जाळतात. पूड भरू नका, खपलीखाली घाण कोंडते. बधिर करणारी औषधे, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘केन’ येते ती लिडोकेन, बेन्झोकेनची मलमे, पक्ष्यांना सहज जास्त होतात. ती मनाने लावू नका. पंखाचे खांद्याजवळचे हाड मोडून बाहेर आले असेल तर तिथे पाणी अजिबात मारू नका. ते हाड पोकळ असून श्वसनाच्या हवेच्या पिशव्यांना जोडलेले असते.

कोंबडीच्या जखमेत आपल्यासारखा पातळ पू सहसा दिसत नाही. तो पनीरासारखा घट्ट, पिवळट गोळा होऊन कातडीखाली बसतो. म्हणून नुसते बघू नका, कडेने बोटाने चाचपा.

माशीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. दमट, उबदार हवेत तिची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. माझ्याकडच्या एका पांढऱ्या कोंबडीची पाठ तळहाताएवढी सोलली होती. दोन दिवस जखम गुलाबी, कोरडी, अगदी हवी तशी. तिसऱ्या दिवशी झाकण काढताच गोडसर कुजका वास आला. जखमेत काहीच नव्हते. शेपटीखालची, शिटेने चिकटलेली पिसे बाजूला केली, तर तिथे अळ्या वळवळत होत्या. दिव्याखाली बसून चिमट्याने एकेक काढली, धुतले, पुसले, तासाभराने पाहिले तर आणखी निघाल्या. ती वाचली, पण त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मी जखमेबरोबर शेपटीखाली, पंखांच्या बगलेत आणि मांड्यांमध्येही पाहूनच झाकण लावते. खोक्यावर बारीक जाळी ताणा, टॉवेल ओला दिसला की बदला, घाण झालेली पिसे पहिल्याच दिवशी कापून टाका. माशी मारायचे औषध जखमेत घालू नका.

मांजराने चावा घेतला असेल तर छिद्र सुईएवढे असले तरी त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. मांजराच्या तोंडातले जंतू आत खोल जातात. गळ्याच्या जखमेतून दाणे किंवा पाणी बाहेर येत असेल तर अन्नपिशवी फाटली आहे. पोट उघडे पडले असेल, कातडीखाली हवा भरून फुगली असेल किंवा हाड मोडले असेल, तर घरी वेळ घालवू नका. प्रतिजैविक दिलेच तर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे तिथेच विचारून घ्या. जखम हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा.

बरी वाटली म्हणून लगेच कळपात सोडू नका. लाल मांस दिसले की बाकीच्या टोचतात आणि थांबत नाहीत. नवी कातडी पूर्ण धरेपर्यंत वेगळी, पण त्यांच्या नजरेसमोर जाळीपलीकडे ठेवा. आठवडाभराने अंधार पडल्यावर दांडीवर इतरांच्या शेजारी बसवा आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत खुराड्यापाशी हजर राहा.