"सवय होईल" आणि बाकीच्या चुका: आवाज, स्पर्श, वास ज्यांना झेपत नाही त्यांच्याशी वागताना

दरवर्षी गणपती जवळ आले की माझ्याकडे तोच प्रश्न येतो. मुलाला ढोल सहन होत नाही, मिरवणुकीत नेऊन सवय लावू का? दिवाळीत हाच प्रश्न फटाक्यांचा. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक (मराठीत स्वमग्न म्हणतात) आहे. त्याच्यामागे पळता पळता चाळिशीत मला कळलं की माझंही काही फार वेगळं नाही (लोकरीचा स्वेटर अंगात गेला की मी माणसात नसते). आणि तीन वर्षांपासून ८१ वर्षांचे सासरे आमच्याकडे आहेत, त्यांचे कान, कातडी, तोल सगळंच बदलत चाललंय. म्हणजे घरात तीन वयं आणि मिक्सर एक.

शाळेत आपल्याला पाच इंद्रियं शिकवली. त्याशिवाय तोल, स्नायू-सांध्यांना कळणारा जोर आणि शरीराच्या आतून येणारे निरोप, म्हणजे भूक, लघवी, धडधड वगैरे, हेही असतंच. कुणाला यातलं काही फार जोरात पोचतं, कुणाला पोचतच नाही, आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतं. माझ्या मुलाला शर्टाचं लेबल टोचतं पण गुडघा फुटून रक्त आलं तरी पत्ता नसतो. त्यावर लोकांचं ठरलेलं वाक्य, "बघा, नाटकं आहेत, मनात आलं की दुखतं." नाटकं नाहीत हो.

पहिली चूक, माझी स्वतःची: "सवय होईल"

मुलगा सहा वर्षांचा होता. विसर्जनाचा दिवस, घरात पाहुणे, आणि सगळ्यांचं एकच, किती दिवस कोंडून ठेवणार, एकदा समोर उभा कर, आपोआप सवय होईल. मलाही ते पटलं कारण मलाही घाई होती, मला "नॉर्मल" आईसारखं मिरवणूक बघायला जायचं होतं, खोटं कशाला बोलू. त्याचा हात घट्ट धरून मी पथकापासून दहा पावलांवर उभी राहिले. आधी तो ओरडला, मला ओढत होता, कान दाबत होता. मग पाचेक मिनिटांत एकदम शांत. हात सैल सोडले, नजर कुठेतरी भलतीकडे. आत्याबाई म्हणाल्या, बघ, झाली की नाही सवय? आणि मी, मूर्खासारखी, फोटो काढला.

ती सवय नव्हती, तो आतून बंद पडला होता. घरी आल्यावर पलंगाखाली शिरला तो रात्रीपर्यंत बाहेर आला नाही, दोन दिवस एक शब्द बोलला नाही. त्याआधी त्याला कुकरची शिट्टी चालायची, त्यानंतर चालेना. शेजारच्यांच्या कुकरचीही. पुढची दोन वर्षं मी भात पातेल्यात शिजवला. फोटो अजून फोनमध्ये आहे, पुसला नाही मुद्दाम.

म्हणून सांगते, ओरडणारं मूल अचानक गप्प झालं तर खूश होऊ नका, आधी चेहरा बघा. ओळखीचं हसू आहे का, हाक मारल्यावर वळतंय का, आवडीची वस्तू दिली तर घेतंय का. नसेल तर तिथून निघा, लगेच, प्रसादासाठीही थांबू नका.

मग सवय कधीच लावायची नाही का? लावायची, पण दोरी त्याच्या हातात देऊन. आम्ही फोनवर ढोलाचा व्हिडिओ अगदी बारीक आवाजात लावायचो, बटण त्याच्याकडे, त्याने बंद केलं की बंद, "अजून थोडं" नाही. मग गॅलरीतून, मग गल्लीच्या टोकावरून, कानावर मफ (आवाज कमी करणारी जाड कानझाकणी) लावून. चार वर्षं लागली. आता तो पथक लांबून बघतो, त्यालाच आवडतं म्हणून. रहिवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल असं २००० सालच्या नियमांत लिहिलंय, ते वाचून हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा.

दुसरी: आधी खरेदी, मग विचार

घरात कुणाला असा त्रास आहे हे कळलं की दुसऱ्या दिवशी लोक ऑनलाइन ऑर्डर टाकतात. झोपाळा, अंगावर फिरवायचा ब्रश, वजनाचं (मुद्दाम जड केलेलं) ब्लँकेट, चावायचं पेंडंट. आमच्याकडेही एक ट्रंक भरून सामान पडलंय, तेव्हा मी फार शहाणी आहे असं नाही. गोल फिरणारा झोपाळा आणला तेव्हा मी त्याला हौसेने गरागरा फिरवला, तो हसत होता, मला वाटलं काय छान. अर्ध्या तासाने ओकला आणि रात्री एकपर्यंत घरभर उड्या. तोलाच्या इंद्रियाचा असर नंतरही बराच वेळ राहू शकतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आता आमचा नियम: फिरायचं तर त्याने स्वतःच्या पायाने, आपण ढकलायचं नाही.

आणि वजनाचं ब्लँकेट. खोल दाब काहींना खरंच शांत करतो. टेंपल ग्रँडिन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ, त्यांनी गुरांना लस देताना धरून ठेवणारा खोडा बघून स्वतःसाठी दाबयंत्र बनवलं ते उगाच नाही. पण हे ब्लँकेट लहान बाळांना अजिबात नाही. मोठ्यांनाही जर ते स्वतःच्या हाताने बाजूला फेकता येत नसेल तर नाही. आणि त्यात कुणालाही गुंडाळायचं तर कधीच नाही. कॅनडात क्युबेकमध्ये २००८ साली असाच गुंडाळून ठेवलेला ९ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा गेला. आमच्याकडे शेवटी काय चाललं सांगू? आजीने शिवलेली जुन्या लुगड्यांची जाड गोधडी. पाच हजार वाचले असते.

दाब आणि जोर हवा असेल तर घरातली कामं द्या. कणीक मळणं, बादली उचलणं, गिरणीतून दळणाचा डबा आणणं, गादी उलटवणं. माझा मुलगा शाळेतून आला की आधी दळण, मग बोलणं.

काही विकत घेण्याआधी माझी सवय एवढीच, दहा दिवस वहीत लिहायचं. काय झालं, त्याआधी अर्धा तास काय चाललं होतं, झोप-जेवण कसं होतं. दहाव्या दिवशी बहुतेक वेळा कळतं की त्रास ट्यूबलाईटचा नाहीये, भुकेचा आहे. लोकांना वही नको असते, "एखादी ट्रिक" हवी असते. माझ्याकडे ट्रिक नाहीत.

थेरपीबद्दल थोडं, कारण इथेही घाई असते. सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे इंद्रियांकडून आलेले निरोप मेंदूने नीट जुळवून घेण्याची, कल्पना जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी थेरपिस्ट) मांडली. चांगल्या थेरपिस्टचा आम्हाला खूप उपयोग झाला. पण या त्रासाला काहीजण "सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर" असं नाव देतात, ते डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, वेगळं निदान म्हणून नाहीये. तिथे २०१३ पासून संवेदनांचा हा फरक ऑटिझमच्या निकषांमध्ये धरलाय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीनेही २०१२ मध्ये हेच सांगितलं की हे स्वतंत्र निदान म्हणून चिकटवू नका, थेरपी घेतलीत तर ती चालतेय का ते ठराविक काळाने तपासा. आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ अपंगत्वांमध्येही ते नाही, ऑटिझम आहे. म्हणून कोणी पहिल्याच भेटीत वर्षभराचं पॅकेज आगाऊ मागितलं तर मी चप्पल घालते. तीन महिन्यांनी काय बदललेलं दिसायला हवं हे एका वाक्यात सांगता येत असेल तरच पुढे. "नखं कापताना दोघांनी धरावं लागतं ते एकाने" असं साधं.

जेवणाची चूक

पराठ्यात पालक लपवू नका. मूल मोजून पाच पदार्थ खातंय, त्यातल्या एकात तुम्ही गुपचूप काही मिसळलंत आणि त्याला कळलं (कळतंच), तर आता चार उरले. नवीन पदार्थ ताटाशेजारी वेगळ्या वाटीत, खायची सक्ती नाही, नुसता असू दे. आणि वजन घटत असेल किंवा एकेक पदार्थ सुटत चालला असेल तर असले घरगुती सल्ले बाजूला ठेवून सरळ डॉक्टर.

बारीकसारीक, पण रोजच्या:

गालाला हलकेच हात लावू नका, हलका स्पर्शच जास्त झोंबतो, समोरून येऊन विचारून खांद्यावर घट्ट हात ठेवा. अभ्यंगस्नानाला उटणं जाडसर असेल तर चाळून घ्या, नाहीतर नुसतं तेल लावा, देव रागावत नाही. कानावर मफ दिवसभर नको, शांततेची इतकी सवय होते की साधे आवाजही मोठे वाटायला लागतात, गरजेपुरतेच. मुलींना पाळी सुरू व्हायच्या आधीच दोन-तीन प्रकारचे पॅड घालून बघू द्या, ऐनवेळी नको. दाढीचंही तेच. रडारड चालू असताना समजावून सांगू नका, तुमचा आवाज हा आणखी एक आवाज असतो.

मोठी माणसं काही यातून "बाहेर पडत" नाहीत

ते लपवायला शिकतात, इतकंच. ओपन ऑफिसमध्ये दिवसभर एसीची घरघर, कुणाचा परफ्यूम, डोक्यावर पांढरा लखलखीत उजेड सोसून घरी आलेला माणूस दार उघडल्या उघडल्या खेकसतो आणि घरचे म्हणतात बाहेर सगळ्यांशी गोड, आमच्यावरच राग. मी हे दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. माझ्यापुरता उपाय: घरी आल्यावर वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, अंधाऱ्या खोलीत पडायचं, मग चहा. पहिले सहा महिने नवऱ्याला वाटायचं मी रुसले. लग्न ठरलेल्या मुलांच्या आयांनाही सांगते, हळद नको म्हणतोय तर एक बोट लावा नि मोकळे व्हा, व्हिडिओवाल्यासाठी त्याला माखू नका.

आजोबांचं वेगळंच. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून सगळे कानाशी ओरडतात, आणि ते दचकून चिडतात. वयाने कान गेला की बारीक आवाज येत नाही पण मोठा आवाज एकदम अंगावर येतो, मधली जागाच आकसते. ओरडू नका, समोर बसून सावकाश बोला, टीव्ही बंद करा. आंघोळीला ते नाही म्हणायचे आणि आम्ही समजत होतो आळस. शॉवर बंद केला, तांब्या आणि बादली परत आणली, पाणी आधी पायावर, "आता खांद्यावर घालतो" असं सांगून मग खांद्यावर, डोकं सगळ्यात शेवटी, टॉवेल आधी उन्हात गरम केलेला. भांडण संपलं. मिक्सर लावायच्या आधी मी आता जोरात "मिक्सर!" म्हणते, हातही वर करते, ते कानातलं मशीन काढतात, मुलगा दार लावून घेतो, मी स्वतः दात आवळते.

आणि शेवटची, जी मी अगदी परवापरवा केली

सगळंच सेन्सरी, म्हणजे इंद्रियांचंच, समजणं. मागच्या पावसाळ्यात मुलगा जबड्याच्या खाली मूठ आपटायला लागला. मला वाटलं दाब हवाय, परीक्षा आहे, चालायचंच, मी दळण वाढवलं. दहा दिवस. मग जेवण एका बाजूने चावायला लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दाढ आतपर्यंत किडली होती. दुखणं त्याला नीट कळत नाही हे मी स्वतः सगळ्यांना सांगत फिरते आणि घरात विसरले. काहीही अचानक सुरू झालं, कुठल्याही वयात, तर आधी कान, दात, पोट, डोळे, औषधांची यादी, लघवीचं इन्फेक्शन हे तपासून घ्या.

दाढ काढायला तीन फेऱ्या लागल्या. पहिल्यांदा नुसतं खुर्चीत बसून आलो, दुसऱ्यांदा दिवा लावून, डोळ्यांवर गॉगल. तिसऱ्यांदा सकाळची पहिली वेळ, अंगावर गोधडी.