फॉस्फोजिप्सम वापरताना या चुका टाळा

खतासाठी फॉस्फोरिक आम्ल काढताना रॉक फॉस्फेटवर (फॉस्फेट असलेल्या खडकावर) गंधकाम्लाची प्रक्रिया होते. आम्लातल्या एक टन फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे (फॉस्फरस या रूपात मोजतात) साधारण ५ टन फॉस्फोजिप्सम उरतं. ओडिशातल्या पारादीपला त्याचे डोंगर आहेत. दिसायला ते खाणीतल्या जिप्समसारखंच, म्हणून वापरणारे तपासणीच्या भानगडीत पडत नाहीत.

"टाकलं, पण जमीन काही सुधारली नाही," असं शेतकरी सांगतात. माती तपासली होती का? सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, सोडियम १५ टक्क्यांहून जास्त, तर जमीन चोपण; तिथे जिप्सम लागू पडतं. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत ते टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे चांगल्या पाण्याने क्षार धुवून निचऱ्यावाटे काढायचे. जमीन चोपण असूनही फरक नसेल, तर निचऱ्याचे चर बघा. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचं सोडियम हुसकावतं, पण पाण्याला वाटच नसेल तर ते सोडियम जाणार कुठे? सांगली-कोल्हापूरच्या पाणथळ ऊसपट्ट्यात आधी निचरा, मग जिप्सम. मात्रा शेजाऱ्याला विचारून ठरवू नका, माती परीक्षणातली जिप्समची गरज बघा. माल ओला असतो. २० टक्के ओलावा असेल तर टनात ८०० किलोच कोरडा माल.

फॉस्फोजिप्सम घातल्यावर सिमेंट उशिरा घट्ट होतंय? उरलेलं फॉस्फेट आणि फ्लोराइड नडतंय. धुऊन किंवा चुन्याने उदासीन करून घ्या.

विटा-पॅनेलसाठी रेडियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अहवाल मागा. खडकातलं बहुतेक रेडियम जिप्सममध्येच उतरतं. रशियातल्या कोलाच्या अग्निजन्य खडकात ते कमी, गाळाच्या खडकांत सहसा जास्त. म्हणून एका कारखान्याचा अहवाल दुसऱ्याच्या मालाला चालत नाही.

कारखान्यांची मोठी चूक म्हणजे फॉस्फोजिप्समच्या ढिगाऱ्यावर पाणी साठवून ठेवणं. फ्लोरिडातल्या पायनी पॉइंटचा खतकारखाना केव्हाच बंद पडला होता, तरी ढिगाऱ्यावरचे तलाव भरलेलेच. २०२१ मध्ये तलावाचं अस्तर गळू लागलं. बांध फुटू नये म्हणून सुमारे ८१ कोटी लिटर पाणी टॅम्पाच्या उपसागराकडे सोडावं लागलं. कारखान्याला कुलूप लागलं तरी पाणी काढून त्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च सुटत नाही. तो आधीच बाजूला काढायला हवा.

आणि सिंगल सुपर फॉस्फेट देत असाल, तर त्यात गंधक देणारं जिप्सम मुळातच असतं. गंधकासाठी वेगळी पोती घेण्याआधी ते हिशेबात धरा.