अंत्यविधीच्या खर्चाची तजवीज: आगाऊ पैसे भरावेत, विमा घ्यावा की ठेव ठेवावी?

माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या नावाची विमा पॉलिसी घरात होती आणि तिच्यावर आईचे नाव नॉमिनी म्हणून व्यवस्थित नोंदलेले होते. तरीही शववाहिकेपासून तेराव्याच्या जेवणापर्यंतचा सगळा खर्च मामांनी उसने दिलेल्या पैशांतून भागवावा लागला, कारण दाव्याची रक्कम आईच्या खात्यात आली तोवर पहिले मासिक श्राद्धही होऊन गेले होते. यात कोणाची दिरंगाई नव्हती; मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, दाव्याचा अर्ज आणि बँकेचा तपशील जमवायलाच तेवढे दिवस गेले. म्हणून या विषयाचा विचार करताना किती पैसे लागतील याच्याइतकाच ते कोणत्या दिवशी हातात हवेत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

प्रथम आपल्या घरी होणारा खर्च कागदावर मांडावा. नाशिकमध्ये पंचवटीच्या अमरधामसारख्या स्मशानभूमी महापालिकेच्या आहेत. तेथे सरणाची लाकडे, गोवऱ्या किंवा दाहिनी यांपैकी काय मोफत मिळते आणि कशासाठी शुल्क पडते, हे घरात कोणी आजारी नसताना जाऊन विचारून यावे. बहुतेक घरांत प्रत्यक्ष दहनाचा खर्च एकूण खर्चाचा लहान भागच असतो. रुग्णालयाचे थकलेले बिल, शववाहिका, तिरडीचे सामान, अस्थिविसर्जन, रामकुंडावरील दशक्रिया विधी, गुरुजींची दक्षिणा, बाहेरगावाहून आलेल्या नातलगांची व्यवस्था आणि तेराव्याचे जेवण मिळून आकडा वाढतो. त्या दिवसांत कोणी घासाघीस करत नाही आणि करूही नये. म्हणूनच कोणते विधी हवेत, जेवण किती पानांचे असावे, हे ज्याचे त्याने हयातीतच घरच्यांना सांगून ठेवणे हीच मोठी बचत असते.

अंत्यविधीचा वेगळा विमा ही कल्पना अमेरिकेत रूढ आहे. तिथल्या अंत्यविधी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत अंत्यदर्शन आणि दफनासह होणाऱ्या अंत्यविधीचा मध्यक खर्च (म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त लागलेला) ८,३०० डॉलर होता. एवढी रक्कम एकाच आठवड्यात उभी करणे कठीण असल्यामुळे तिथे छोट्या रकमेच्या आजीवन पॉलिस्या विकल्या जातात. वैद्यकीय तपासणी न करता मिळणाऱ्या अशा अनेक पॉलिस्यांत पहिल्या दोनतीन वर्षांत नैसर्गिक मृत्यू झाल्यास पूर्ण रक्कम मिळत नाही. आपल्याकडे कोणी या धर्तीची योजना दाखवली तर हा प्रतीक्षा काळ आधी विचारावा. त्यानंतर साधा गुणाकार करावा: समजा, एक लाखाच्या संरक्षणासाठी महिना एक हजार रुपये हप्ता असेल, तर दहा वर्षांत आपण एक लाख वीस हजार भरलेले असतात. साठीनंतर निव्वळ अंत्यविधीसाठी असा विमा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरुण वयात मात्र विमा अवश्य असावा, पण तो मागे राहणाऱ्यांच्या पोटापाण्यासाठी. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते. तिच्यात १८ ते ५० वर्षे वयात सहभागी होता येते आणि संरक्षण ५५ व्या वर्षापर्यंतच चालते, त्यामुळे आजीआजोबांसाठी तिचा उपयोग नाही. कोणतीही पॉलिसी घेताना आजार लपवू नये. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीला आव्हान देता येत नाही, पण त्याआधी मृत्यू झाल्यास लपवलेल्या गोष्टीवरून दावा अडू शकतो.

अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या कंपनीकडे हयातीतच आगाऊ पैसे भरण्याची पद्धत आपल्याकडे नवी आहे. २०२२ मध्ये दिल्लीच्या व्यापार मेळ्यात अशा एका कंपनीचे दालन लागले तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली होती. ज्यांची मुले परदेशी आहेत किंवा ज्यांना जवळचे कोणीच नाही, त्यांना अशा सेवेचा खरा आधार वाटू शकतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. धोका आहे तो पैशांच्या सुरक्षिततेचा. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ मध्ये सेफ हँड्स ही कंपनी बुडाली आणि सुमारे ४६,००० ग्राहकांच्या आगाऊ भरलेल्या योजना अधांतरी राहिल्या. त्याच वर्षी जुलैअखेर तिथे हा व्यवसाय वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आला. पैसे भरण्यापूर्वी कंपनी ती रक्कम कोठे ठेवते, दर वाढले तर फरक कोण देणार, मृत्यू पुण्याला मुलाकडे झाला तर सेवा मिळेल का आणि विचार बदलल्यास किती रक्कम परत मिळेल, या चारही प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मृत ग्राहकाचे वारसही तक्रार करू शकतात. मात्र त्यासाठी पावती आणि करार त्यांच्या हाती असायला हवेत.

बहुतेक नाशिककर कुटुंबांनी या दोन्हींऐवजी वेगळी ठेव ठेवावी, असे मला मनापासून वाटते. जोडीदार किंवा विश्वासातल्या मुलामुलीसोबत बचत खाते काढून ते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने चालवावे, म्हणजे एक खातेदार गेल्यावर दुसऱ्याला पैसे काढता येतात. एकट्याच्या नावावरच्या खात्याचे एटीएम कार्ड मृत्यूनंतर वापरणे गैर आहे आणि पुढे वारसांत वादाचे कारण होते. रक्कम मुदतठेवीत ठेवायची असेल तर एक बारकावा लक्षात ठेवावा: एका ठेवीदाराच्या मृत्यूनंतर हयात असलेल्याला मुदतीपूर्वी ठेव मोडता यावी, अशी दोघांच्या सहीची सूचना बँकेला आधीच द्यावी लागते, अन्यथा सर्व वारसांची संमती मागितली जाऊ शकते. अर्जावरचा तो रकाना पुष्कळदा कोराच राहतो. शिवाय जास्त व्याजाच्या मोहाने ही रक्कम पतसंस्थेत ठेवू नये, कारण बँकेतील ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थांना लागू नाही.

सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील कामगारांच्या घरी एक हक्क हमखास विसरला जातो. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराच्या अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते आणि तिचा अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. हे पैसेही नंतरच येतात, पण उसनवारी फेडायला उपयोगी पडतात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालयात मृत्यू झाल्यास रुग्णालय ती कळवते. घरी झाल्यास कुटुंबप्रमुखाने महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात कळवावे आणि डॉक्टरांचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र लगेच घ्यावे. दाखल्याच्या प्रती एकदमच जास्त काढाव्यात, कारण बँक, विमा आणि निवृत्तिवेतन कार्यालय प्रत्येकजण ती मागतो.

खात्याचा क्रमांक, पॉलिसी, आगाऊ भरणा केला असल्यास त्याची पावती, गुरुजींचा आणि शववाहिकेचा दूरध्वनी क्रमांक हे सर्व एका कागदावर लिहून घरातल्या किमान दोघांना दाखवावे. हा कागद बँकेच्या लॉकरमध्ये मात्र ठेवू नये. लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर तो उघडण्यासाठीच मृत्यूचा दाखला लागतो. हा कागद देवघराच्या खणात किंवा कपाटात हाताशी असावा.