तीन-चार एकरात ‘एकात्मिक शेती’ करताय? या चुका टाळा

कोरडवाहू शेतकऱ्याला सल्ला देणारे आपल्याकडे पायलीला पन्नास. बियाणंवाला बियाण्याचं सांगतो, ठिबकवाला ठिबकचं, जनावरांचा डॉक्टर दुधाचं, आणि गंमत म्हणजे सगळे आपापल्या जागी बरोबरच असतात. घोळ होतो तो मधल्या जागेत. पाणी, चारा, जनावर, खत, मजुरी, घरातल्या बाईचा वेळ, उसनवारी, बाजार हे सगळं एकात एक अडकलेलं, एकाला हात लावला की दुसरं हलतं. हे सगळं एकत्र धरून अभ्यासायचं, याला शेती संशोधनात सिस्टीम रिसर्च म्हणतात, मेरठजवळ मोदीपुरमला त्यासाठी अख्खी केंद्रीय संस्था आहे, आपल्या कृषी विद्यापीठांत पण एकात्मिक शेतीचे, म्हणजे पीक, जनावर, चारा, खत एकमेकांना जोडून केलेल्या शेतीचे, प्लॉट बघायला मिळतात. प्लॉट छानच असतात. तेच मराठवाडा-विदर्भातल्या छोट्या शेतकऱ्याच्या रानात बसवताना काय चुकतं ते इथे लिहितोय. गटात, एफपीसीत (शेतकरी उत्पादक कंपनीत), संस्थेत काम करणाऱ्यांनी पण वाचा.

मॉडेल आहे तसं उचलणं

दोन गाई, दहा शेळ्या, पन्नास कोंबड्या, गांडूळखत, बांधावर शेवगा, तळ्यात मासे. कागदावर झकास. आता विचारा, पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत हे करणार कोण? बहुतेक घरात उत्तर एकच, घरची बाई, जी आधीच स्वतःचं रान करून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिची मजुरी बुडली की घराचा किराणा अडतो, आणि तो तोटा आपल्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही कारण आपण घरच्या कामाची किंमत शून्य धरलेली असते.

हे हवेतलं नाही. २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं, त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो. अशा घराला जास्त राबायला लावणारी कुठलीही गोष्ट सांगताना आधी त्या घराचं कामाचं कॅलेंडर लिहून काढा, कुठल्या महिन्यात कोणाचे किती दिवस मोकळे आहेत, आणि हे बाईसमोर बसून लिहा, फक्त मालकाशी बोलून नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खुरपणी चालू असताना नवीन काम घुसवलंत तर ते पोळ्यापर्यंत पण टिकत नाही.

खताचा खर्च वाढतोय आणि जमीन दगडासारखी होतेय

इथे लोक माती परीक्षण करून खताचा डोस बदलतात. करा, पण आधी गोठा बघा. मराठवाड्यात ज्वारी कमी होऊन सोयाबीन आलं तेव्हा नगदी पैसा आला हे खरंच, पण ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरं गेली, जनावरांबरोबर शेणखत गेलं, आणि बैल नाहीत म्हणून ट्रॅक्टर भाड्याने आला. डीएपीची (रासायनिक खताची) पिशवी या सगळ्याच्या शेवटी उभी आहे, सुरुवातीला नाही.

मग म्हणतात गाय घ्या. ठीक आहे, पण हिशेब करा. मोठं जनावर ढोबळमानाने दिवसाला दहा किलो शेण देतं, दोन जनावरांचं वर्षाला सात टन ओलं, कुजून निम्म्याहून कमी राहतं, त्यातलं थोडं सरपणाला गोवऱ्या म्हणून जातं. कोरडवाहूला एकरी दोन टन लागतं असं धरलं तर तीन एकराला सहा टन पाहिजे. तेवढं होत नाही! म्हणून सगळ्या रानावर मूठ मूठ शिंपडण्यापेक्षा दरवर्षी एकच एकर नीट भरा आणि पुढच्या वर्षी दुसरा. चाऱ्याचं म्हणाल तर निदान अर्धा एकर ज्वारी ठेवा, धान्याच्या भावासाठी नाही, कडब्यासाठी. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्या, तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) शेळ्या आवडीने खातात आणि तुऱ्हाट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) चुलीला झाल्या तर गोवऱ्या थापायच्या कमी होतात.

शेततळं आहे तरी पाणी नाही

३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल तळ्यात बाजूचा उतार धरून साधारण २२ लाख लिटर पाणी बसतं. एका एकराला ५ सेंमीचं एक संरक्षित पाणी (पावसाने ताण दिला की पीक वाचवायला द्यायचं) म्हणजे २ लाख लिटर. कागदावर दहा एकराला एक पाणी, ऐकायला भारीच वाटतं. पण ते भरणार कशाने? ७०० मिमी पाऊस आणि त्यातला पाचवा हिस्सा वाहून आला असं धरलं तर एकदा भरायला चारेक एकराचं वाहतं पाणी लागतं, आणि ज्याचं रान तीन एकर तो शेजाऱ्याच्या उतारावर अवलंबून. वरून तळं बांधासकट दहा-बारा गुंठे खातं. भरलेलं असताना दिवसाला ५ मिमी बाष्पीभवन झालं तरी रोज साडेचार हजार लिटर हवेत.

मग काय होतं, माणूस तळ्याला प्लॅस्टिकची पन्नी टाकतो आणि बोअर लावून तळं भरतो. म्हणजे जमिनीखाली झाकून ठेवलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवलं. त्याची डाळिंब-द्राक्षबाग तगते, शेजाऱ्याची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. एकट्या शेताच्या हिशेबात हा प्रयोग यशस्वी आहे बरं का, फोटो पण मस्त येतो. गावाच्या हिशेबात मात्र पाणी नुसतं इकडचं तिकडे गेलं, वर वाफ झालेलं वेगळंच.

ठिबकचं पण तेच. ठिबकने पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर दुसऱ्या दिवशी आणखी अर्धा एकर ऊस उभा राहिला तर उपसा होता तेवढाच. म्हणून जिथे पाण्याचं काम असेल तिथे हद्द शेताची धरायची नाही, पाणलोटाची धरायची. नगर जिल्ह्यातलं पाणलोटाच्या कामासाठी गाजलेलं हिवरे बाजार बघायला बसेस भरून लोक जातात आणि येताना चर, बंधारे, झाडं डोक्यात घेऊन येतात. तिथला मोठा भाग मात्र नियमांचा आहे, सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, मग रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. चर एका पोकलेनने आठवड्यात होतात, नियम करायला भांडणं अंगावर घ्यावी लागतात, म्हणून ते कोणी आणत नाही.

फवारण्या वाढतायत तरी बोंडअळी हटत नाही

२०१७ ला गुलाबी बोंडअळीने कापूस कसा धुतला ते विदर्भात कोणाला सांगायला नको. सल्ला तेव्हापासून एकच, डिसेंबरअखेर रान मोकळं करा, फरदड (हंगाम संपल्यावर पुन्हा वेचणीसाठी उभा ठेवलेला कापूस) ठेवू नका. शेतकऱ्याला हे माहीत नाही का? चांगलं माहीत आहे. तो फरदड ठेवतो कारण जानेवारीत हातात दुसरा पैसा नसतो, आणि पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) बांधावर रचून ठेवतो कारण चूल त्यावर पेटते. त्याच पऱ्हाट्यांत उरलेल्या किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामाची वाट बघत बसते. नुसतं ‘जागृती’ करून हे सुटणार नाही. कमी दिवसांचं वाण घेऊन रान लवकर मोकळं झालं, त्यावर ओलाव्याला किंवा एक-दोन पाण्यावर हरभरा बसला, तर फरदड सोडायला त्याच्याकडे कारण तरी असेल. पऱ्हाट्यांसाठी गटाने श्रेडर (भुगा करणारं यंत्र) भाड्याने आणा आणि सरपणाची दुसरी सोय आधी बघा.

आणि हे एकट्याने करून उपयोग नाही, पतंगाला बांध कळत नाही. निदान शिवारातल्या एका पट्ट्यातले सगळे जण पाहिजेत. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावून सलग तीन रात्री सापळ्यामागे रोज आठ पतंग दिसले, किंवा डोमकळ्या (अळी आत शिरल्याने न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी फुलं) दिसायला लागल्या, की २० हिरवी बोंडं तोडून फोडा, दोनात अळी निघाली तर फवारणीची वेळ आली. दुकानदाराने सांगितलं म्हणून पहिल्या महिन्यातच कडक औषध मारलं तर मित्रकिडी मरतात आणि पुढे पांढरी माशी उरावर बसते.

एका चांगल्या वर्षावरून निकाल लावणं

पाऊस चांगला झाला की सगळेच प्रयोग यशस्वी. एकरी उतारा वाढला म्हणून टाळ्या, पण उधारी फेडून घरात काय उरलं, चारा किती महिने पुरला, पावसाने २० दिवस दांडी मारली तेव्हा काय झालं हे विचारायचं राहूनच जातं. छोट्या शेतकऱ्याला सरासरी वाढण्यापेक्षा वाईट वर्षात बुडू नये हे जास्त महत्त्वाचं असतं, आपण मोजतो मात्र सरासरी.

त्यामुळे नवीन काही करताना सगळं रान बदलू नका. त्याच जमिनीत एक पट्टा जुन्या पद्धतीचा ठेवा, निदान तीन हंगाम, त्यात एखादा तरी खराब पावसाचा सापडेलच. दोन्ही पट्ट्यांचा खर्च आणि मजुरीचे दिवस, घरच्यांचे धरून, साध्या वहीत लिहा. मळणी वेगवेगळी करून पोती वेगळी मोजा. मळणीयंत्रवाला दोनदा मशीन थांबवायला कुरकुर करणारच, त्याला आधीच सांगून ठेवा आणि पाहिजे तर शंभर रुपये जास्त द्या.