विष कालवण्याआधी उंदीर तोलून बघा

दादर म्हणजे रब्बी ज्वारी पेरून झाली, हरभरा उगवला, बांधावर बिळं दिसायला लागली की खान्देशात पाय थेट औषधाच्या दुकानाकडे वळतात. त्याआधी दोन रात्री चाप लावा आणि सापडलेले चार-पाच उंदीर तोला.

शेतातला बारका उंदीर पूर्ण वाढला तरी साधारण ८ ते १३ ग्रॅमच भरतो. दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ५ ते ७ सेंमी, शेपूट तेवढीच किंवा जरा आखूड, पाठ तपकिरी, पोट पांढरं. बरेच जण याला घुशीचं पिल्लू समजतात. पण १० ग्रॅमचं घुशीचं पिल्लू अजून बिळात दूध पीत असतं, ते चापात येत नाही. अंगभर केस असलेला, स्वतः दाणा खायला आलेला १० ग्रॅमचा उंदीर म्हणजे बारक्याच जातीचा. घूस २०० ग्रॅमच्या पुढे जाते. काळ्या जमिनीच्या भेगांत राहणारा मऊ केसांचा उंदीर या दोघांच्या मधला, पन्नास-साठ ग्रॅमचा.

किराणा दुकानाचा काटा इथे कामाचा नाही, तो पाच-दहा ग्रॅमच्या टप्प्यानं सरकतो. एक ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, रिकामा डबा ठेवून शून्य करा. चिखल लागलेला किंवा दवानं भिजलेला उंदीर जास्त भरतो, गाभण मादीही तशीच. म्हणून एकाच उंदरावर निकाल नको. लांबी मोजताना उंदीर उताणा ठेवा, ओढू नका. ताणला की अर्धा सेंमी उगाच वाढतो. हातमोजे घालाच, उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो.

बिळंही बोलतात. अंगठा जेमतेम शिरेल एवढं तोंड असेल तर बारका. मूठ जाईल असं तोंड आणि बाहेर ताज्या मातीचा ढीग असेल तर घूस. ती कणसं तोडून आत साठवते, खरं नुकसान तिचं.

नुसता बारका उंदीर असेल तर विषाचा खर्च आम्हाला पटत नाही. बांधावरचं गवत काढा, बांध अरुंद ठेवा, बिळाजवळ चाप लावा. तो किडेही खातो.

घूस निघाली तर संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. त्यांत दोन दिवस विषाशिवाय, तेल चोळलेली धान्याची भरड टाका, बिळाला २० ग्रॅम. ही पायरी गाळली की उंदीर नव्या वासाला बिचकतो, थोडंसंच चाखतो, आजारी पडून वाचतो आणि पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. चौथ्या दिवशी ९६० ग्रॅम कोरडी भरड, २० ग्रॅम गोडेतेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड काठीनं कालवा. कागदाच्या पुडीत १० ग्रॅम बांधून बिळात खोल सारा. ओल लागली की विषारी वायू सुटतो, त्यामुळे भरड भिजवू नका, घरात कालवू नका. या विषावर उतारा नाही. कोंबड्या-कुत्री लांब ठेवा.

दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर खोल पुरा, नाहीतर पिंगळा आणि घुबड तेच खातात. आठवड्यानं जी बिळं पुन्हा उकरलेली दिसतील त्यांत झिंक फॉस्फाईड परत नको, ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाचं ०.००५ टक्के तयार आमिष १५ ग्रॅम ठेवा.